पोर्तुगालच्या खेड्यात जुनं घर घेऊन दुरुस्त करायचंय? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं मूळचे डिचोलीचे. पोर्तुगालच्या मध्यभागात, फुंदांव शहराच्या वरच्या अंगाला गार्दुन्या डोंगराच्या उतारावर एक दगडी घर घेतलं आणि अजून ते दुरुस्तच करतोय. फोंडा, वाळपई, पेडणे, म्हापसा इथून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे फक्त त्याचा आकडा दिला आहे. कराचे आकडे दरवर्षी हलतात. सौद्याआधी तिथल्या वकिलाकडून ताजे करून घ्या.

1. तिकडे घर घ्यायला पोर्तुगीज पासपोर्ट लागतो का?

नाही. भारतीय पासपोर्टवरही घर तुमच्या नावावर होतं. पण घर नावावर झालं म्हणून तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. साध्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, एवढंच. घर घेऊन रहिवास मिळवून देणारा 'गोल्डन व्हिसा'चा रस्ता ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाला. तो अजून चालू आहे असं सांगणारा एजंट भेटलाच, तर चहा घ्या आणि निघा.

पेन्शन, घरभाडं असं बसून येणारं उत्पन्न असेल तर 'डी-7' व्हिसा आहे. उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाएवढं दाखवावं लागतं (2025 मध्ये महिना 870 युरो). म्हापशातल्या दुकानाचं भाडं त्यात धरता येतं, पण ते करारात आणि बँकेत दिसायला हवं. राहण्याच्या जागेचा पुरावाही लागतो आणि बिनछपराचं घर हा पुरावा होत नाही. पहिल्या वर्षाचं भाड्याचं घर खर्चात धरूनच चला.

2. आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा आहे. आधी पासपोर्ट काढावा का?

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणीत चढवता येतो, आणि त्यांच्या मागून मुलांचा. साखळी क्रमाने चढते. आजोबांची नोंद आधी, मग वडिलांची, मग तुमची. मधला दुवा राहिला असेल तर वाट लांबते.

नव्या काबिजादीतल्या (गोव्यात पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांतल्या) आपल्या हिंदू घरांची खरी अडचण नावांची. जन्माच्या पोर्तुगीज दाखल्यात 'नाईक' वेगळ्याच स्पेलिंगने, आजोबांचं नाव घरात हाक मारायचे ते, आणि लग्नाच्या दाखल्यात तिसरंच. हा घोळ गोव्यातच निस्तरून घ्या, तिकडे जाऊन तो दुप्पट होतो.

पोर्तुगीज पासपोर्ट हाती घेतला की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व जातं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचं कार्ड. त्याचा इथल्या जमिनीवर काय परिणाम होतो ते प्रश्न 17 मध्ये आहे आणि ते वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

3. दहा-पंधरा लाखांत घर मिळतं असं व्हिडिओत दाखवतात. खरं आहे का?

मिळतात त्या चार भिंती. छप्पर कोसळलेलं, आत अंजिराचं झाड उगवलेलं, रस्ता बैलगाडीपुरता. त्यातल्या काहींची नोंद तर घर म्हणून नसतेच, गवताची कोठी म्हणून असते (प्रश्न 4). छप्पर, वीज, सांडपाणी, खिडक्या हे सगळं धरलं की खरेदीची किंमत एकूण खर्चातला लहान आकडा ठरते. आमचा दुरुस्तीचा अंदाज दीडपट चुकला, आणि आम्ही स्वतःला हिशेबी समजत होतो. माझं मत विचाराल तर छप्पर धड असलेलं महाग घर घ्या.

4. कोणते कागद बघायचे?

गोव्यातल्या माणसाला हे कागद दुसऱ्यांपेक्षा लवकर कळतात, कारण आपले जुने कागद त्याच साच्यातले. 'मात्रिझ' म्हणजे कराची नोंद आणि 'देस्क्रिसांव' म्हणजे मालकीची नोंद, हे आजोबांच्या ट्रंकेत पाहिलेलं असतं. तिकडेही तेच दोन कागद: कर खात्याची 'कादेर्नेता प्रेदियाल' आणि नोंदणी खात्याचा 'सेर्तिदांव पेर्मानेंत'. दोन्हींतलं क्षेत्रफळ, सीमा आणि मालकाचं नाव एकमेकांशी जुळतं का ते आधी बघा. खेड्यात बहुतेक वेळा जुळत नाही. दुरुस्ती विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने, सौद्याआधी करायची.

मग नोंदीची जात बघा. 'उर्बानु' म्हणजे घर, 'रुस्तिकु' म्हणजे शेत. रुस्तिकु नोंदीवर दगडी खोली उभी असली तरी कायद्याला ती घर दिसत नाही, आणि तिचं घर करणं शेतजमिनीच्या किंवा पर्यावरणाच्या राखीव पट्ट्यात अडकू शकतं. विकणारा म्हणतो, 'कामारा देईल हो परवानगी.' कामारा म्हणजे तिथली नगरपालिका. ती देईल, तर तसं लेखी आणून दे म्हणावं.

वापर-परवाना 7 ऑगस्ट 1951 च्या आधीच्या घरांना साधारणपणे लागत नाही, पण घर त्याआधीचं असल्याचा दाखला लागतो. 2024 पासून खरेदीखताच्या वेळी हा परवाना दाखवण्याची सक्ती काढली. लोकांना ते सोपं झाल्यासारखं वाटतं. झालंय एवढंच की तपासायचं ओझं घेणाऱ्याच्या डोक्यावर आलं.

शेवटचं, वारस. घर आजीच्या नावावर, आजी जाऊन वीस वर्षं झाली, मुलं फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि ब्राझीलमध्ये. सगळ्यांच्या सह्या लागतात. इन्व्हेंटारियो, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, भोगलेल्या गोवेकराला याहून जास्त सांगायला नको.

5. शेजारी येऊन आपला सौदा हिरावून घेऊ शकतो, हे खरं का?

शेताच्या बाबतीत, हो. लागून असलेली लहान रुस्तिकु जमीन विकताना शेजारच्या शेतमालकाला त्याच किमतीत आधी घेण्याचा हक्क असतो. विकणाऱ्याने त्याला अटींसकट कळवायचं आणि साधारण 8 दिवसांत त्याने उत्तर द्यायचं. कळवलंच नाही, तर सौद्याची माहिती मिळाल्यापासून 6 महिन्यांत तो कोर्टात जाऊन तुमच्या किमतीत तुमची जमीन घेऊ शकतो. म्हणून शेजाऱ्यांचे लेखी नकार फाइलला लावून घ्या.

अपवाद: नुसतं उर्बानु घर आणि त्याचं अंगण असेल तर हा हक्क येत नाही. घर उर्बानु आणि मागचा जैतुनाचा तुकडा रुस्तिकु अशा दोन नोंदी एकत्र विकत असतील, तर तुकड्यापुरता प्रश्न उभा राहतो. आम्ही चार शेजाऱ्यांकडे गेलो. तिघांनी उभ्या उभ्या सही केली, चौथ्याने आधी दोन तास जेवायला बसवलं.

6. पैसे गोव्यातून कसे न्यायचे?

बँकेतूनच. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यातून परदेशात घर घेणं चालतं. नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगवेगळी. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात, आणि नेमके छपराच्या वेळी अडकतात. यासाठी भारतीय बँक कर्ज देत नाही.

घर झालं की दरवर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचं. विसरलात तर 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे, घर पडकं असलं तरी.

7. सौदा कसा होतो? वर कर किती?

आधी कर-क्रमांक, 'निफ'. मग बँक खातं. मग 'प्रोमेसा' करार, ज्यात साधारण दहा टक्के विसार देतात. तुम्ही मागे फिरलात तर विसार बुडाला. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचा. शेवटी नोटरीपुढे एस्क्रितुरा, म्हणजे खरेदीखत. पोर्तुगीज येत नसेल तर दुभाषा बसवावाच लागतो. जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र, म्हणजे आपलं 'प्रोकुरासांव', अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून पाठवता येतं.

वर हस्तांतरण कर. रुस्तिकुवर 5 टक्के, घरावर टप्प्याटप्प्याने चढता. स्वतः कायम राहायचं घर साधारण एक लाख युरोच्या आत असेल तर माफ. मुद्रांक शुल्क 0.8 टक्के. पुढे दरवर्षी घरपट्टी, सरकारी मूल्याच्या 0.3 ते 0.45 टक्के. खेड्यातल्या जुन्या घरांना ती फार नसते.

8. घर मी एकट्याच्या नावावर घेतलं तर बायकोची सही लागेल का?

हा प्रश्न गोव्याबाहेरच्यांना पडत नाही. आपल्याकडे लग्नाच्या रजिस्टरात सह्या करताना वेगळा करार केला नसेल, तर सगळी मालमत्ता दोघांची सामाईक, लग्नाआधीची धरून. पोर्तुगालनेही हाच नियम ठेवला होता, पण 1 जून 1967 पासून त्यांच्याकडे करार नसेल तर फक्त लग्नानंतर कमावलेलं सामाईक धरतात. तिथला कारकून तुमचं लग्न त्याच्या नियमात बसवून लिहून टाकतो. खतात तुमची पद्धत बरोबर लिहून घ्या, नाहीतर विकताना ती दुरुस्त करायला पुन्हा लिस्बनपर्यंत. आणि हो, पुढे विकताना दोघांची सही धरूनच चला.

9. चिऱ्याचं वाडवडिलांचं घर आम्ही दुरुस्त केलंय. तिकडचं घर किती वेगळं?

छपराच्या बाबतीत तुम्ही जाणते आहात. आपल्याकडे मंगळुरी कौलं येण्याआधी जे अर्धगोल नळे असायचे, तेच तिकडे अजून घरोघर. खालचा उताणा, वरचा पालथा. फक्त कॅलेंडर उलटं करा. गोव्यात मे संपायच्या आत घर शाकारून घेतो. तिकडे पाऊस ऑक्टोबर ते मार्चचा, म्हणून छपराचं काम सप्टेंबरअखेर आवरायला हवं. आणि ऑगस्टमध्ये अर्धा देश सुट्टीवर असतो, तुमचा सुतार धरून.

भिंती मात्र निराळ्या. उत्तरेत ग्रॅनाइट, मध्यभागात बराचसा थरांचा काळा शिस्ट दगड, दक्षिणेत आलेंतेजूकडे चोपून बसवलेली माती. आमच्या भिंती सत्तर सेंटिमीटर रुंद: दोन बाजूंना दगड, पोटात माती आणि खडी. तळमजला गुरांचा आणि दारूच्या पिंपांचा, माणसं वर राहायची, कारण गुरांची ऊब वर जायची. गुरं गेली, ऊब गेली. आता तीच फरशी बर्फासारखी लागते.

तुळया चेस्टनटच्या असतील तर नशीबवान. पाइनच्या असतील तर चाकूचं टोक खुपसून बघा. टोक बोटभर आत गेलं, खाली पिवळं पीठ पडलं, तर किडा अजून आत आहे. भिंतीत शिरलेली टोकं तपासायला विसरू नका, मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोक कुजलेलं असतं. गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे दिसले तर ते ॲस्बेस्टॉसचे धरा आणि स्वतः फोडू नका, त्याला परवानाधारक माणूस लागतो.

10. सिमेंटचा गिलावा नको असं सगळीकडे वाचतो. एवढं काय होतं त्याने?

आमच्याकडे झालं ते सांगतो. पहिल्या हिवाळ्याआधी घाईत होतो. ठेकेदार म्हणाला, चुना म्हाताऱ्यांचं काम, सिमेंटने आठवड्यात संपवतो. उत्तरेची भिंत त्याने आतून-बाहेरून सिमेंटने लिंपली. दिसायला सुरेख. फेब्रुवारीत वीतभर उंचीवर लोणा धरला, मार्चमध्ये फुगवटा आला. बोटाने दाबला तर थाळीएवढा पोपडा हातात, आणि मागची माती श्रीखंडासारखी मऊ. त्या भिंतीत बसलेल्या तुळईचं टोक काळं पडलं होतं.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीला पाया म्हणावा असा नसतो, जमिनीतली ओल वर चढते, वाऱ्याचा पाऊस दरजांतून आत जातो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल पुन्हा बाहेर उडते. सिमेंट तिला आत कोंडतं. मग ती लाकूड शोधते.

दोन महिने छिन्नीने सिमेंट काढलं. मग एकास तीन चुना-वाळू, आतून साधा चुना, बाहेरून जलीय (पाण्यातही घट्ट होणारा) चुना. चुना सावकाश धरतो, त्याला ओलं पोतं पांघरायला लागतं आणि गारठ्यात तो मरतो, म्हणून हे काम एप्रिल ते ऑक्टोबर. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना गूळ घालून मळायचे, ते आठवत असलेलं माणूस घरात असेल तर त्याचं ऐका. गोव्यातल्या चिऱ्याच्या घराचंही तेच दुखणं आहे, फक्त आपण त्याला 'पावसात होतंच' म्हणतो.

11. कोणत्या कामाला परवाना लागतो?

आहे तसं दुरुस्त करणं, आतला गिलावा, त्याच आकाराचं छप्पर बदलणं याला सहसा लागत नाही. उंची वाढवणं, दर्शनी बाजू किंवा भार घेणारी भिंत बदलणं, नवी खिडकी पाडणं याला लागतो, आणि वास्तुविशारदाची जबाबदारीची सही. गाव संरक्षित असेल, तर जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, रंगसुद्धा विचारून. दुरुस्तीच्या कामावर 23 टक्क्यांऐवजी 6 टक्के व्हॅट बसू शकतो, उदाहरणार्थ नवजीवन क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात, अटी पाळून. कामाराकडून दाखला बिल येण्याआधी घ्यायचा.

12. गवंडी मिळतात का? भाषेचं काय?

मिळतात, पण थांबावं लागतं. चांगला माणूस सहा महिने पुढचं सांगतो. उद्याच येतो म्हणणाऱ्याविषयी प्रश्न 10.

भाषेला घाबरू नका. पहिल्या दिवशी म्हातारा गवंडी ओरडला, 'गमेला! बाल्द!' मी घमेलं आणि बालदी घेऊन हजर. त्याला वाटलं याला पोर्तुगीज येतं. मेस्त्रीला ते 'मेश्त्र' म्हणतात, चावीला 'शाव्', पिंपाला 'पिपा'. एवढ्यावर महिना निघाला. कामाराच्या खिडकीवर मात्र हे पुरत नाही. जाण्याआधी वर्षभर शिका.

13. थंडी किती असते?

बाहेर सोसते, घरात सोसत नाही. जानेवारीत रात्री शून्याखाली जातं आणि दगड गार झाला की आठवडाभर तापत नाही. लाकडाची बंद शेगडी, छपराखाली अस्तर, दुहेरी काच, याच क्रमाने खर्च करा. सरपण कोरडं हवं, म्हणजे आदल्या वर्षीचं.

14. वणव्यांचं ऐकून घरचे नको म्हणतात.

घरचे चुकीचे नाहीत. 17 जून 2017 ला पेद्रोगांव ग्रांदच्या आगीत 66 माणसं गेली, त्याच ऑक्टोबरात पुन्हा आगी लागल्या, आणि ऑगस्ट 2025 मध्ये आर्गानिलच्या बाजूचे डोंगर जळले.

म्हणून रानातल्या घराभोवती 50 मीटरचा पट्टा साफ ठेवणं कायद्याने मालकाचं काम आहे, मूळ मुदत 30 एप्रिल. पाइन आणि निलगिरीच्या शेंड्यांमध्ये 10 मीटर, इतर झाडांत 4 मीटर, भिंतीपासून 5 मीटर मोकळे. फणस कौलांवर ओणवा असलेल्या घरातून आलेल्यांना झाड तोडताना जड जातं. आम्हालाही गेलं. घर घेताना वर निलगिरीची लागवड कुठे आहे ते उन्हाळ्यात जाऊन बघा, आणि पळायला दुसरा रस्ता आहे का तेही.

15. पाणी, वीज, संडास?

विहीर किंवा डोंगरात खणलेली पाण्याची 'मिना' असेल तर तिच्यावर कुणाचा कोणत्या वाराचा हक्क, ते कागदावर बघा. वीज बंद पडलेल्या घराला नवी जोडणी म्हणजे आतली तारजोडणी आधी. सेप्टिक टँक नसेल तर तो परवान्यातच घाला (प्रश्न 11).

16. गावात एकटं पडत नाही का? चवथीचं काय करता?

पडतं. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, हिवाळ्यात अकरा माणसं असतात, त्यात साठीखालची आम्ही दोघंच. सकाळी पावाची गाडी हॉर्न देत येते, कुणी नसलं तर दाराला पिशवी लटकवून जाते. पहिल्यांदा तो हॉर्न ऐकला तेव्हा बायको 'पोदेर आला' म्हणून भांडं घेऊन धावली.

चवथ पडते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे छपराच्या हंगामात आणि वणव्यांच्या दिवसांत. दोन वर्षं घरी येता आलं नाही. माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) द्राक्षं, अंजिरं, क्विन्स आणि कच्चे जैतून बांधले. सुपारीचा घोस नाही, पण शेजारची आजी रोज बघायला येत होती.

17. पासपोर्ट बदलला तर गोव्यातल्या कुळागराचं काय होतं?

आहे ते राहतं. वारशाने येणारंही येतं, शेत असो वा कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. ओसीआय झाल्यावर भारतात घर किंवा दुकान विकत घेता येतं, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही.

अडचण इथे येते: वडिलांच्या पश्चात कुळागर तिघा भावांचं, वाटणी झालेली नाही, आणि तुम्हाला एका भावाचा हिस्सा त्याला पैसे देऊन घ्यायचा आहे. भारतीय असताना हे साधं काम. नंतर ती बागायतीची खरेदी ठरू शकते. भावाने प्रेमाने तुमच्या नावे करून द्यायचं म्हटलं तरी तोच पेच. आम्ही आधी इन्व्हेंटारियो उरकला, त्याला चौदा महिने लागले, आणि मगच लिस्बनला कागद पाठवले.